माळवदावरची माती

कड्याच्या गावठाणात एकाच घरात तीन-चार काळ नांदताना दिसतात. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीची जाड भिंत, वर निम्मे माळवद व निम्मा पत्रा, आणि रस्त्याच्या अंगाला सिमेंटचा गाळा. शहरातले वास्तुप्रेमी यास अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. प्रस्तुत लेखकास तो हिशेबाचा प्रश्न वाटतो.

माळवद फुकट टिकत नसे. मृगापूर्वी दरसाल वर नवी माती पसरून ती चोपावी लागे. ते काम बलुत्यावर आणि सालगड्यांच्या घामावर निघे. रोख पैसा लागत नसे. १९५० चा हैदराबाद कूळकायदा आला, मागोमाग इनामे गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. हे सारे न्याय्यच होते. परंतु वाड्याचे उत्पन्न गेले आणि गळके छत तेवढे वारसांच्या वाट्यास आले. मग वाटण्या झाल्या, चौकात आडवी भिंत आली.

त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. सुमारे आठ हजार माणसे दगावली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती व माळवदांखाली. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीचेच ते ओझे होते. माझ्या वाट्याच्या दोन खणांवर मी पत्रा घातला तो या भीतीने. (वैशाखात मात्र उत्तरपत्रिका तपासायला मी शेजारी चुलत्यांच्या माळवदाखालीच जातो.)

पण भीतीवर उपाय आहे. जादा माती उतरवून छत हलके करता येते, भिंतींना दाराच्या उंचीवर पट्टा घालून त्या एकत्र बांधता येतात. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात नव्या घरांबरोबर उभ्या घरांच्या दुरुस्तीचा व बळकटीकरणाचाही समावेश होता. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत मात्र सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले ते नव्या घराला. मातीचे छत सरकारी व्याख्येत 'कच्चे'. असे घर पाडून नवे बांधणाऱ्यास साहाय्य मिळू शकते. तेच डागडुजी करून राखणाऱ्यास या योजनेत जागा नाही. याच रकमेचा काही अंश दुरुस्तीसाठी का देऊ नये?

चुलत्यांनी यंदाच्या मृगापर्यंत थांबायचे कबूल केले आहे. सागवानी खांबांना गिऱ्हाईक मात्र दोनदा येऊन गेले.