हेतू नव्हता, तरीही बाद

दिवाळीच्या आगेमागे वऱ्हाडातील शेतांत कापूस वेचणीला येतो आणि त्याच सुमारास शाळाशाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा उमटू लागतात. कबड्डी आणि खो-खो हे या भूमीचे जुने खेळ. त्यांच्या जोडीला सॉफ्टबॉलनेही शालेय स्पर्धांत आपले स्थान मिळवले आहे. या खेळाला फार मोठे मैदान लागत नाही, मुलींनाही तो मुलांइतक्याच ईर्षेने खेळता येतो आणि सात डावांत निकाल लागत असल्याने शाळेचे वेळापत्रकही कोलमडत नाही. मात्र खेळ जितक्या लवकर खेड्यापाड्यांत पोहोचतो, तितक्या लवकर त्याचे नियम पोहोचत नाहीत. मैदानावरील बऱ्याच कटुतेचे मूळ या अंतरात असते.

तिवसा तालुक्यातील एखाद्या शाळेच्या मैदानावरील असा प्रसंग कल्पावा. दुसऱ्या बेसवर एक मुलगी उभी आहे. चेंडू टोलवला जातो आणि जमिनीलगत घरंगळत दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या भागात येतो. तो अडवण्यासाठी क्षेत्ररक्षक मुलगी पुढे वाकते आणि त्याच क्षणी तिसऱ्या बेसकडे धावत सुटलेली मुलगी तिच्यावर आदळते. चेंडू निसटून जातो. पंच दोन्ही हात वर करून खेळ थांबवतात आणि धावणाऱ्या मुलीला बाद देतात. मुलगी रडवेली होऊन म्हणते, "मी मुद्दाम नाही केलं, मी तर माझ्या रस्त्यानं धावत होते." तिचे शिक्षक धावत येतात, पाठोपाठ पालक येतात, आणि क्षणापूर्वी खेळाचे असलेले मैदान पंचायतीचे होऊन बसते.

मुलगी खोटे बोलत नाही. तिने खरोखरच मुद्दाम काही केलेले नसते. तरीही पंचांचा निर्णय बरोबरच असतो. टोलवलेला चेंडू अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या वाटेतून बाजूला होण्याची जबाबदारी सॉफ्टबॉलच्या नियमाने संपूर्णपणे धावणाऱ्या खेळाडूवर टाकलेली आहे. त्या खेळाडूच्या मनात काय होते, याची चौकशी नियम करीत नाही. अडथळा झाला की नाही, एवढेच तो विचारतो. झाला असेल, तर चेंडू तत्क्षणी मृत होतो, अडथळा आणणारा खेळाडू बाद ठरतो, टोला मारणाऱ्याला पहिला बेस मिळतो आणि इतरांना, पुढे सरकणे भाग पडत नसेल तर, आपापल्या बेसवर परतावे लागते. दोन खेळाडू एकाच वेळी बाद होऊ नयेत, अशा उघड उद्देशाने हा अडथळा आणला असेल, तर आणखी एका खेळाडूला बाद देण्याचाही अधिकार पंचांना आहे.

वरवर पाहता हा नियम निष्ठुर वाटेल. परंतु त्यामागील विचार समजून घेतला, तर तो न्याय्यच आहे. क्षेत्ररक्षकाची नजर चेंडूवर खिळलेली असते. समोरून कोण येत आहे हे त्याला दिसत नाही, आणि ते पाहण्यासाठी त्याने मान वर केली तर चेंडू हातचा जातो. धावणाऱ्याला मात्र चेंडूही दिसतो आणि क्षेत्ररक्षकही दिसतो. दोघांपैकी ज्याला टक्कर टाळणे शक्य आहे, त्याच्यावरच ती टाळण्याचे दायित्व यावे, हे उचित नव्हे काय? शिवाय 'माझा रस्ता' हा युक्तिवादही टिकणारा नाही. एरवी हाती चेंडू घेऊन बाद करू पाहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला चुकवण्यासाठी धावण्याच्या मार्गापासून तीन फुटांपलीकडे जाणारा खेळाडू बाद ठरतो. परंतु टोलवलेला चेंडू अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाला वाट देण्यासाठी कोणी वळसा घेतला, तर त्याला शिक्षा होत नाही. नियमाने कर्तव्य सांगितले आहे आणि ते पार पाडण्याची मोकळीकही दिलेली आहे.

मग हेतूला या खेळात स्थानच नाही काय? आहे, पण निराळ्या ठिकाणी. चेंडू टोलवलेला नसून एका क्षेत्ररक्षकाने दुसऱ्याकडे फेकलेला असेल, तर केवळ तो अंगाला लागला म्हणून धावणारा बाद होत नाही. त्याने तो जाणूनबुजून अडवला असला पाहिजे. फेकलेला चेंडू पाठीमागूनही येऊ शकतो आणि त्याची दिशा धावणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून हा भेद. हा भेद किती नाजूक आहे, हे सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावंडाने, म्हणजे बेसबॉलने, साऱ्या जगाला दाखवले. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेतील वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजचा रेजी जॅक्सन पहिल्या व दुसऱ्या बेसच्या मधे उभा असताना पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू त्याच्या कमरेखाली लागून दूर गेला आणि यांकीजची एक धाव पूर्ण झाली. लॉस एंजेलिस डॉजर्सने जोरदार आक्षेप घेतला. जॅक्सनने हे हेतुपुरस्सर केले असे पंचांना वाटले नाही आणि धाव कायम राहिली. तो सामना यांकीजने दहाव्या डावात ४-३ असा जिंकला, पुढे ती मालिकाही जिंकली. त्या निर्णयावर आजही वाद होतो. परंतु सामना पुढे खेळला गेला, हे महत्त्वाचे.

उलट बाजूनेही नियम तितकाच जागरूक आहे. हाती चेंडू नसताना आणि चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात नसताना एखादा क्षेत्ररक्षक धावणाऱ्याची वाट रोखून उभा राहिला, तर दोष क्षेत्ररक्षकाचा. खेळाडू ज्या बेसपर्यंत पोहोचला असता, तो बेस त्याला पंच बहाल करतात. हाती चेंडू असल्याचा आव आणून धावणाऱ्याला थबकवणे, हाही याच सदरातला गुन्हा. किंबहुना बेसजवळ उभ्या असलेल्या मार्गदर्शकाने आपल्या खेळाडूला हात लावून पुढे ढकलले, तरी तो खेळाडू बाद होतो. जबाबदारीच्या या वाटणीतून शिक्षकही सुटलेले नाहीत.

आपल्याकडील प्रेक्षकांची अडचण अशी की, त्यांची न्यायबुद्धी क्रिकेटवर पोसलेली आहे. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल फलंदाज बाद होतो तो हेतुपुरस्सर अडथळ्यासाठी. १९८९ साली अहमदाबादच्या एकदिवसीय सामन्यात श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ असाच बाद झाला होता. ही मोजपट्टी घेऊन सॉफ्टबॉलच्या मैदानावर आलेल्या पालकाला 'मुद्दाम केले नाही' हा बिनतोड बचाव वाटतो आणि पंच पक्षपाती दिसू लागतात. पंच पुष्कळदा शेजारच्याच एखाद्या शाळेचे क्रीडाशिक्षक असतात, त्यामुळे हा संशय अधिकच बळावतो.

या वादांना आता निराळी धारही आली आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के आरक्षण यांमुळे वरच्या पातळीवरील स्पर्धेचे प्रमाणपत्र हा केवळ भिंतीवर टांगण्याचा कागद राहिलेला नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलीला त्या कागदातून नोकरीची वाट दिसत असते. तिच्या हातून निसटलेला एक सामना तिच्या घराला जड वाटावा, हे स्वाभाविक आहे आणि त्याकडे कुत्सितपणे पाहणे बरे नाही. परंतु जितके पणाला लागलेले अधिक, तितकी निर्णय आरडाओरडीने फिरवला जाण्याची भीतीही अधिक. आज ज्यांच्या आवाजाने पंच वाकतील, त्यांच्याच मुलीचा सामना उद्या अधिक मोठ्या आवाजाचे लोक हिरावून नेतील.

पंचही चुकतात, हे मान्य केलेच पाहिजे. त्यावर उपाय नियमातच आहे. टक्कर झाली की नाही, हेतू होता की नाही, हे पंचांच्या निरीक्षणाचे प्रश्न. त्यांवर तक्रार चालत नाही. मात्र पंचांनी नियमाचाच चुकीचा अर्थ लावला असेल, तर पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी रीतसर हरकत नोंदवता येते. ही वाट ठाऊक असलेला शिक्षक आवाज चढवीत नाही, तो कलम सांगतो. उलटपक्षी पंचांनीही निर्णय तात्काळ व स्पष्ट शब्दांत द्यावा आणि कर्णधाराने विचारल्यास त्याचे कारण एकदा शांतपणे सांगावे. अधिकार पंचांचा असला, तरी कारण ऐकण्याचा हक्क खेळाडूला आहे.

हे घडवून आणण्यासाठी फार खर्चाची योजना नको. अडथळ्याविषयीचे नियम सोप्या मराठीत दोन पानांवर छापून प्रत्येक संघाला द्यावेत. सामन्यापूर्वी पंचांनी दोन्ही संघांसमवेत पाच मिनिटे त्यांची उजळणी करावी. निर्णायक सामन्यांना शक्यतो तालुक्याबाहेरचे पंच नेमावेत. ज्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या जिल्ह्यात जाणकार शिक्षकांची वाण पडू नये.

तथापि नियमपुस्तिका आणि पंच यांच्या पलीकडे एक जागा उरतेच आणि ती खेळाडूची स्वतःची असते. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले असता, चेंडू बॅटला लागला नव्हता याची खात्री असलेल्या कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. पराभव विस्मृतीत गेला. विश्वनाथची ती कृती मात्र आजही शाळांतून सांगितली जाते.

तिवसा तालुक्याला असे धडे दुरून आणण्याचीही गरज नाही. याच तालुक्यातील मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी अफाट जनसमुदाय ठरल्या क्षणी उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. त्या गर्दीला गप्प करण्यासाठी कोणी दंडुका उगारीत नाही. प्रत्येक जण स्वतःला आवरतो. तीच माणसे मैदानाच्या कडेला पालक म्हणून उभी राहतात. बाद झालेल्या आपल्या मुलीला पंचांविरुद्ध चिथावण्याऐवजी, "पुढच्या वेळी तिला वळसा घालून जा," एवढे जरी त्यांनी सांगितले, तरी खेळाचे आणि मुलीचेही कल्याण होईल.