गळ्यातला वधस्तंभ

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनी गळ्यात वधस्तंभ घालावा, असा विषय तिथल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी निघाला. त्या वधस्तंभावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी पत्रातून विचारलं, की माझ्या देशात ही भाषा कुणाला कळणार? अक्षरं हवीत तर संस्कृतात असू द्या. आणि संस्कृत पवित्र मानणाऱ्या ब्राह्मणांसारखीच तुमचीही लॅटिनवर श्रद्धा आहे का? ज्यांनी आश्रय दिला, शिक्षण दिलं, त्यांनाच हे विचारायला केवढं धैर्य लागलं असेल! रमाबाईंची ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने आली. ख्रिस्ती घरांत ती वाचली जायला हवीत.

पण मला या वादापेक्षा मोठी वाटते ती रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्ष. त्या सांगतात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं की ख्रिस्ती धर्म तर मला मिळाला, पण ख्रिस्त मिळालेलाच नव्हता. तोवर त्यांचं नाव साऱ्या देशाला ठाऊक होतं, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन सुरू झालं होतं, त्यांच्या विद्वत्तेला तोड नव्हती. काही उणं होतं, असं बाहेरून कुणीही म्हणालं नसतं. त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त वाचलं. हॅस्लमला चर्चच्या बांधणीची, सजावटीची मनापासून आवड, आणि त्याचं खरं परिवर्तन झालं ते स्वतःच प्रवचन देत असताना, व्यासपीठावर! पाळकच अजून प्रभूकडे वळलेला नाही, असंही असू शकतं. रमाबाईंनी ते वाचून स्वतःला तपासलं.

हे सगळं वाशीमच्या वाचकांपुढे मांडतोय, कारण आपल्या मंडळ्यांतही खुणा वाढल्या आहेत. गाडीच्या काचेवर वधस्तंभ, गळ्यात सोन्याचं लॉकेट, स्टेटसला रोज एक वचन, नाताळला शेजाऱ्यापेक्षा मोठा तारा. यातलं काहीच पाप नाही. पण पवित्र शास्त्रात एक प्रसंग आहे, तो मला सोडत नाही. मोशेने पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून, त्याच्याकडे पाहून लोक वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनी त्याच सापापुढे धूप जळू लागला, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवानेच दिलेली खूण देवाच्या जागी बसली होती. वधस्तंभाचंही तसं होऊ शकतं, ही भीती मला खरी वाटते.

आपल्या गावाचा इतिहास मात्र वेगळी दिशा दाखवतो. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली नाझरीन मिशनतर्फे भारतात आल्या आणि १९३८ साली वाशीममध्ये जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखाना सुरू झाला. तेच आजचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. त्या जवळपास चार दशकं इथे राबल्या. बाळंतपणाच्या कळा सोसत खेड्यातून बैलगाडीने आलेल्या बाईला दवाखान्याच्या भिंतीवर काय लावलंय, याच्याशी काय कर्तव्य होतं? तिला सोडवणारे हात हवे होते. त्या हातांमागे प्रार्थना होती, पहाटेची, कुणाला न दिसणारी. मला त्या श्रद्धेचा हेवा वाटतो.

खुणेपेक्षा ख्रिस्ताला मोठं मानणारे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकही मिशनच्या चौकटीत मावले नाहीत. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. तिथे ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यावर मतभेद झाले, आजही होतील. माझं मन टिळकांच्या बाजूचं आहे.

वधस्तंभ काढून ठेवा, असं मी सांगत नाही. रमाबाईंनीही वधस्तंभ नाकारला नव्हता. त्यावर आपल्या भाषेतली अक्षरं मागितली होती. माझी मागणी एवढीच की उपासनेत साक्ष देण्याची वेळ येते तेव्हा आजारातून बरं झाल्याची, नोकरी लागल्याची साक्ष जशी आपण ऐकतो, तशी दुसरीही ऐकायची तयारी ठेवू. कुणी उभं राहून म्हणालं, ‘माझा बाप्तिस्मा झालाय, दर रविवारी येतो, पण प्रभू मला अजून भेटलेला नाही,’ तर पाळकांनी आणि वडील मंडळींनी त्याला गप्प बसवू नये. उपासना संपल्यावर त्याच्याजवळ बसावं, त्याच्यासोबत प्रार्थना करावी, आणि घाई करू नये. रमाबाईंना आठ वर्षं लागली होती.