इमारतीला काम द्या

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक शिष्टसंकेत आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला चिवड्याबरोबर काहीतरी हलकेफुलके हवे असते, हे मी जाणतो. परंतु आमच्या नागपुरात जो एक उद्योग बिनबोभाट चालला आहे, तो पाहून गप्प बसणे मला जमत नाही. उद्योग असा : जुनी इमारत दिसली, की तिला ‘निकामी’ ठरवायचे आणि कुदळ घालायची.

वास्तविक इमारत आपण होऊन निकामी होत नसते. तिचे काम काढून घेतले जाते, आणि मग तिला दुसरे काम शोधून देण्याचा आपण आळस करतो. पुरावा याच शहरात आहे. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली. जुन्या प्रांताच्या कायदेमंडळाची वास्तू तेव्हा ओस पडायची. पण नागपूर करारामुळे विधिमंडळाचे अधिवेशन इथे भरू लागले आणि ती महाराष्ट्राचे विधानभवन झाली. जुन्या सचिवालयात आयुक्तांची कचेरी आली. हायकोर्ट १९४० साली नव्या घुमटाखाली गेले, तेव्हा मागे राहिलेल्या कोर्टात पुढे पुरातत्त्व खात्याने बस्तान मांडले. या इमारती टिकल्या त्या कुणाच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे. काम मिळाले म्हणून टिकल्या!

मग एम्प्रेस मिलने असे कोणते पाप केले होते?

जमशेटजी टाटांनी तलावाजवळची दलदलीची जागा घेतली, तेव्हा ती भरून काढायला पैसे देण्याचे एका स्थानिक सावकाराने नाकारले. हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे, असे त्याचे मत. पुढे गिरणी भरभराटली, तेव्हा तोच कबूल झाला, की यांनी माती घालून सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या या गिरणीने १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड काढला, १८९५ साली अपघाताची भरपाई देऊ केली. सरकारचा भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले. अशा जागेचे आपण काय केले? चालू शतकाच्या आरंभी भोंगा कायमचा थांबला, गिरणी पाडली गेली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. नाव तेवढे एम्प्रेसच ठेवले! सावकाराला वरची गिरणी दिसली नव्हती, आम्हांला खालच्या मातीपलीकडे काही दिसले नाही. नागपूरच्या भावाने तीच आता सोने झाली होती.

साहेबाची कचेरी सांभाळायची आणि मजुराचा कारखाना पाडायचा, हा न्याय मला तरी कळत नाही. वर्गात ‘गिरणी कामगार’ हा शब्द आला, की पोरे विचारतात, “सर, पिठाच्या गिरणीत एवढी माणसं कशाला लागायची?” त्यांचे काय चुकले? दाखवायला एक शेडदेखील आपण ठेवली नाही.

कुणी म्हणेल, गिरणीच्या शेडमध्ये दुसरे करणार काय? वजनदार यंत्रे पेलणारी जमीन, लांबरुंद दालने, उंच छप्पर. ग्रंथालयाला, तंत्रशाळेला, नाट्यगृहाला आणखी काय लागते? पॅरिसमध्ये १९०० सालच्या रेल्वे स्टेशनाचे १९८६ साली चित्रसंग्रहालय झाले. पण पॅरिसपर्यंत तरी कशाला जायचे! दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरली, नंतर शाळा झाली, नगरपालिका नांदली. १८७९ साली वाडा जळाला, तेव्हा पुणेकरांनी वर्गण्या काढून तो सावरला. (पुणेकरांची स्तुती नागपूरकराने करावी, म्हणजे प्रसंग किती गंभीर आहे ते ओळखा!)

खर्चाचा बागुलबुवा नेहमीच पुढे केला जातो. दुरुस्ती महाग पडते हे काही ठिकाणी खरेही आहे. महालातल्या ज्या वाड्याचे सात वाटेकरी आहेत आणि ज्याचे माळवद गळते, त्याच्या मालकाला ‘वारसा जपा’ म्हणून उपदेश करणे हा निव्वळ चहाटळपणा होय. आपल्याला छायाचित्र काढता यावे म्हणून त्याने पावसात का भिजावे? त्याला करात सूट द्या, मोबदला द्या, आणि मग बोला. पण सार्वजनिक मालकीच्या इमारतींना ही सबब नाही. शिवाय पाडण्याच्या हिशेबात भाजलेल्या विटा, त्यांत जळालेले इंधन आणि जाड भिंतींचा गारवा कुणी धरतो का? २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हात काचेची पेटी बांधायची आणि ती थंड ठेवायला जन्मभर विजेचे बिल भरायचे, यालाच आम्ही आधुनिक म्हणतो.

गिरणी तर गेली. माझे आजचे भांडण महापालिकेच्या बंद पडलेल्या मराठी शाळांसाठी आहे. शाळा का बंद पडल्या, हे वेगळे दुखणे आहे. त्यावर दुसरा लेख होईल. पण त्यांच्या ज्या इमारती कुलूप लागून उभ्या आहेत, त्यांवर व्यापारी संकुलाचा नकाशा येण्याआधी तिथे अभ्यासिका उघडा, वस्तीचे वाचनालय उघडा. स्पर्धा परीक्षेला बसलेली खेड्यापाड्यांतली मुले आज खाजगी अभ्यासिकेत एका खुर्चीसाठी महिन्याचे भाडे भरतात. त्यांना या शाळांच्या किल्ल्या द्या.