कला ही चैन आहे काय ?

पोटाची चिंता मिटल्यावर करावयाची चैन म्हणजे कला, असें पुष्कळ सुज्ञ माणसेंही मानतात. आणि मूल चित्र काढीत बसलें कीं, वेळ फुकट घालवितोस म्हणून त्यास दटावतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

१९४० सालीं फ्रान्स देशांत लास्को येथें चार मुलांस एक गुहा सांपडली. तिच्या भिंतींवर बैल, घोडे व हरणें रंगविलेलीं आहेत. तीं चित्रें सुमारें १७,००० वर्षांपूर्वींचीं असावींत, असें संशोधक मानतात. तीं काढणाऱ्यांस शेती ठाऊक नव्हती. रोजचें अन्न रानांत हिंडूनच मिळवावें लागे. तरीही चरबीचे दिवे घेऊन ते त्या अंधारांत शिरले व त्यांनीं दगडावर रंग चढविला.

इतकें दूर तरी कशाला जावें ? आपल्या ठाणें-पालघरकडील वारली लोकांच्या घरीं लग्न निघालें कीं, सवाष्णी सारवलेल्या कुडावर तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात. चौकावांचून लग्न लागावयाचें नाहीं, अशी त्यांची रूढि आहे. जो तांदूळ पोटाला, तोच भिंतीला !

अन्नानें माणूस जगतो. पण डोळ्यांनीं पाहिलेलें व मनास भावलेलें दुसऱ्यास दाखविल्यावांचून त्यास राहवत नाहीं. गरिबी ही भूक मारूं शकत नाहीं.

तेव्हां पालकांस विनंति एवढीच कीं, गणिताच्या वहीच्या मागील पानावर बैल दिसला, तर रागावण्यापूर्वीं तो क्षणभर न्याहाळावा. गणित झालेंच पाहिजे. पण त्याच्या जोडीस चित्रांचीही एक वही मुलास आणून द्यावी.