दीघा : मंदिराची गर्दी आणि सरकता किनारा

पश्चिम बंगालच्या पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यातील दीघा येथे ३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या हस्ते जगन्नाथ मंदिराचे उद्घाटन झाले. पुरीच्या बाराव्या शतकातील मंदिराच्या धर्तीवर उभारलेल्या या वास्तूवर राज्य सरकारने सुमारे २५० कोटी रुपये खर्च केले. समुद्रस्नान, मासळी आणि दोन दिवसांची सुटी यांसाठी ओळखले जाणारे हे गाव तीर्थक्षेत्रांच्या नकाशावर आले. त्यासोबतच एक जुना प्रश्नही नव्याने उभा राहिला. वाळूच्या अरुंद पट्ट्यावर वसलेले हे नगर आणखी किती भार पेलू शकेल?

बीरकुल ते दीघा

या किनाऱ्याचा विहारस्थळ म्हणून इतिहास ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापर्यंत मागे जातो. त्या वेळी या परिसराला बीरकुल म्हणत. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने येथे बंगला बांधला होता. १७८० मध्ये कोलकात्याच्या 'हिकीज बेंगॉल गॅझेट'मध्ये हवापालटासाठी बीरकुलला गेलेल्या बड्या असामींच्या बातम्या छापून येत असत. मराठी वाचकाला येथे एक गोष्ट आठवावी. सुवर्णरेखा नदीपलीकडील ओडिशा त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८०३ च्या देवगावच्या तहानंतरच तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे इंग्रजांचे हे विश्रामस्थान मराठी राज्याच्या सीमेलगत होते. ती वसाहत मात्र टिकली नाही. समुद्र पुढे सरकला आणि बीरकुलचे वैभव लयाला गेले.

आधुनिक दीघ्याचा आरंभ १९२३ पासून मानला जातो. जॉन फ्रँक स्नेथ हा इंग्रज व्यापारी येथील शांततेवर लुब्ध होऊन इथेच स्थायिक झाला. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांना येथे पर्यटनकेंद्र उभारण्याची कल्पना त्यानेच सुचवली. डॉ. रॉय यांनी ती मनावर घेतली आणि शासकीय पुढाकारातून आजचे दीघा आकाराला आले.

मध्यमवर्गाचे गाव

दीघ्याचा स्वभाव गोव्याहून वेगळा आहे. येथे परदेशी पर्यटक क्वचितच दिसतो. कोलकाता आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मध्यमवर्गीय कुटुंबे हाच येथील अर्थव्यवहाराचा कणा होय. बंगाली माणसाच्या ठरलेल्या तीन सहली म्हणजे दीघा, पुरी आणि दार्जिलिंग. त्यांच्या आद्याक्षरांवरून 'दीपुदा' हा विनोदी शब्दच त्या भाषेत रूढ झाला आहे. त्यांपैकी दीघा सर्वांत जवळचे आणि खिशाला परवडणारे. २००४ मध्ये तमलुकमार्गे रेल्वे थेट दीघ्यापर्यंत पोहोचली आणि हावड्याहून सकाळी निघालेला प्रवासी दुपारच्या जेवणाला समुद्राकाठी पोहोचू लागला. जुन्या वस्तीच्या पश्चिमेला नवे दीघा वाढले. पूर्वेला शंकरपूर, ताजपूर आणि मंदारमणी येथपर्यंत विश्रामगृहांची साखळी पसरत गेली.

या गावाला दुसराही चेहरा आहे. दीघा मोहना येथे पहाटे मासळीचा लिलाव होतो. तो पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या बाजारांपैकी एक आहे. १५ एप्रिल ते १४ जून ही मासेमारीबंदी संपली की पावसाळ्यात सर्वांचे डोळे हिलशाकडे लागतात. पर्यटनाच्या चर्चेत या कोळी समाजाचा विचार अभावानेच होतो.

मंदिराचे राजकारण

मंदिरामुळे गर्दी वाढली आणि वादही वाढले. 'जगन्नाथ धाम' या नावाला ओडिशात तीव्र आक्षेप घेण्यात आला. धाम हे बिरुद पुरीचेच, अशी तेथील भूमिका आहे. मे २०२५ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री मोहन चरण माझी यांनी या संदर्भात ममता बॅनर्जी यांना पत्र लिहिले. शासकीय निधीतून देवालय उभारणे योग्य आहे काय, असा प्रश्न बंगालमधील विरोधकांनी उपस्थित केला. सरकारी दप्तरी या वास्तूची नोंद सांस्कृतिक केंद्र अशी होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. येथील अर्थकारण आजवर शनिवार-रविवारवर अवलंबून होते. भाविकांमुळे वर्षभर खोल्या भरतील, हे गणित मात्र उघड आहे.

समुद्राचा हिशेब

खरा पेच वेगळ्याच ठिकाणी आहे. दीघ्याच्या किनाऱ्याची झीज अनेक दशकांपासून सुरू आहे. ती थोपविण्यासाठी दगडी बांध घालण्यात आले. अशा बांधामुळे रस्ता व इमारती वाचतात. परंतु त्यावर आदळून मागे फिरणारी लाट समोरची वाळू ओढून नेते. जुन्या दीघ्यात भरतीच्या वेळी चालण्यापुरतीही वाळू उरत नाही, याचे कारण यातच शोधावे लागेल. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील सुरूची झाडे हा किनाऱ्याचा नैसर्गिक तट. बांधकामांसाठी तोही अनेक ठिकाणी सपाट झाला. २६ मे २०२१ रोजी 'यास' चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले. तो पौर्णिमेचा दिवस होता. वादळाच्या लाटा आणि उधाण एकत्र आले, बांध ओलांडून पाणी दीघ्याच्या रस्त्यांवर शिरले आणि किनाऱ्यालगतची दुकाने उद्ध्वस्त झाली.

कायद्याची अवस्था मंदारमणीत दिसते. सागरी किनारा नियमनाचा भंग करून उभारलेली विश्रामगृहे हटविण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ मध्ये दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने सुमारे १४० बांधकामे पाडण्याचे फर्मान काढले. परंतु मुख्यमंत्र्यांनीच त्याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि कोलकाता उच्च न्यायालयाने कारवाईला अंतरिम स्थगिती दिली. हजारोंचा रोजगार बुडेल, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तोच युक्तिवाद प्रत्येक नव्या बांधकामाची ढाल होतो, हेही तितकेच खरे. हीच अधिसूचना कोकण किनाऱ्यालाही लागू आहे. त्यामुळे मालवण-अलिबागच्या वाचकाला हा पेच अपरिचित वाटू नये.

मंदिर बांधता येते, रेल्वे आणता येते. वाहून गेलेली वाळू सहजासहजी परत आणता येत नाही. किनाऱ्यापासूनचे अंतर पाळणे, वाळूच्या टेकड्या राखणे आणि गर्दीच्या प्रमाणात सांडपाणी व कचऱ्याची व्यवस्था करणे ही कामे उद्घाटनाइतकी देखणी नसतात. परंतु दीघ्याचे भवितव्य त्यांवरच ठरणार आहे. बीरकुल गिळंकृत करणारा समुद्र तोच आहे, याचा विसर पडू देणे परवडणारे नाही.