भाड्याचा बंगला आणि वाड्याची चूल

दिवाळीत चार भावंडांनी मिळून चिखलदऱ्यास मोठा बंगला भाड्याने घेतला, की आमच्या पिंपळगाव राजात लगेच नाके मुरडली जातात. "बापाचा वाडा असताना भाड्याचे छप्पर कशाला?" हा प्रश्न पुरुषच विचारतात, हे ध्यानात घ्या! ज्या वाड्याचे ते गोडवे गातात, त्यात पंचवीस पानांची पंगत उठे खरी. पण वाढणारी आणि खरकटी काढणारी सून शेवटी उरलेसुरले खाई. माहेरपणास आलेली लेकही दुसऱ्या दिवशी पदर खोचून चुलीपाशी! २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित मिळकतीचा मुलाइतका वाटा मिळाला. वाटा मिळाला, विसावा कोणी द्यायचा?

म्हणून मी भाड्याच्या बंगल्याची बाजू घेतो. मात्र एका अटीवर. तेथेही घरच्या बायकांच्याच हाती झारा देणार असाल, तर वाड्यातली चूल सातपुड्यावर चढली, एवढेच! वर्गणी काढताना भाड्याच्या आधी आचाऱ्याची मजुरी बाजूला ठेवा. ती परवडत नसेल, तर पुरुषांनी पातेली घासावीत. बहिणीला चार दिवस बसून जेवू घालणे, याहून मोठी भाऊबीज कोणती?