दोष दाखविणारा गुन्हेगार कसा?

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद यांस अटक केली. मतदानयंत्रातील उणिवा त्यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह जाहीर केल्या होत्या. तपासलेले यंत्र मुंबईच्या शासकीय गोदामातून चोरलेले, हा आरोप. आठवड्याने जामीन मिळाला. चोरीची चौकशी अवश्य व्हावी. पण अटकेने यंत्र निर्दोष ठरत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेच मताचा कागदी पुरावा अपरिहार्य मानला.

ब्राउझरमधील दोषांनाही हाच न्याय लावावयास हवा. गूगलचे 'प्रोजेक्ट झीरो' हे पथक निर्मात्यास दुरुस्तीसाठी ९० दिवस देते, मग तपशील प्रसिद्ध करते. मुदत हवीच. दुरुस्तीपूर्वी किल्ली चव्हाट्यावर आली, तर भाईंदरच्या स्टील कारखान्यातील कामगाराचे मोबाइलवरील बँक खाते आधी लुटले जाईल, कंपनीच्या संचालकाचे नव्हे. मात्र मुदत न संपणारी असेल, तर तोच कामगार अंधारात राहतो आणि कंपनी निर्धास्त.

आपला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा ४३ व्या कलमान्वये विनापरवाना प्रवेशास भरपाईचा बडगा दाखवितो. सद्हेतूने दोष शोधणाऱ्यास त्यात सूट नाही. हा प्रश्न सुशिक्षितांचा, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. ही सूट संसदेत मागितली पाहिजे.